बावीस वर्षांच्या वादकाची तबकडी आणि श्रोत्यांचीं मतें

एखाद्या नव्या गवयाची वा वादकाची पहिली तबकडी बाजारांत आली म्हणजे तिजविषयीं मत देण्याचा अधिकार प्रत्येक श्रोत्यास आपोआप प्राप्त होतो, आणि तो बजावण्यांत सहसा कोणी कसूर करीत नाहीं. वडील मंडळी म्हणतात, "हात तयार आहे, पण अजून भारदस्तपणा यावयाचा आहे." तरुण मंडळी म्हणतात, "असें आजवर कोणीं वाजविलेंच नव्हतें." आणि या विषयांत जिला विशेष गति नाहीं असें सर्वांनीं गृहीत धरलेलें असतें, अशी घरांतील एखादी आत्याबाई दुरून ऐकून असा कांहीं एक शब्द बोलून जाते कीं, दोन्ही पक्षांना क्षणभर गप्प बसावें लागतें. आमच्याकडे गाण्याच्या बाबतींत हा देखावा नित्याचाच आहे. पाश्चात्य संगीताच्या प्रांतांत असाच एक वाद १९५६ सालीं एका तबकडीवरून सुरू झाला, आणि तो सत्तर वर्षांनंतरही मिटलेला नाहीं. वादाचा विषय झालेला वादक पुढें प्रौढ झाला, मैफली सोडून बसला, पन्नाशींत वारला. पण तबकडींतला तो बावीस वर्षांचा मुलगा अजून तसाच वाजवीत आहे, आणि त्याच्यावरून लोक अजून तसेच भांडत आहेत. या भांडणाची हकीकत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. तरुणपणीं केलेलें काम माणसाच्या अंगाला जन्मभर कसें चिकटून राहतें, याचा इतका चमत्कारिक दाखला आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं.

हा वादक म्हणजे कॅनडांतील ग्लेन गूल्ड. त्याचा जन्म २५ सप्टेंबर १९३२ रोजीं टोरांटो शहरीं झाला. प्रथम त्याला आईनें शिकविलें. तिची शिस्त अशी कीं, जें बोटांनीं वाजवावयाचें तें तोंडानें गाऊनही दाखवावयाचें. या संवयीचें पुढें काय झालें तें यथाक्रम येईलच. दहाअकरा वर्षांचा असतांना तो आल्बेर्तो गेरेरो या मूळच्या चिली देशांतील शिक्षकाकडे जाऊं लागला व सुमारें नऊ वर्षें त्यांच्या हाताखालीं राहिला. गेरेरो शिष्याला एक हात पियानोच्या पट्ट्यांवर ठेवावयास सांगत. मग दुसऱ्या हातानें त्याच्या एकेका बोटावर टिचकी मारावयाची आणि तें बोट आपलें आपण उसळूं द्यावयाचें. अशा तालमीनें खांद्याचें व दंडाचें बळ न लावितां एकेक स्वर सुटा आणि स्वच्छ निघूं लागतो. गूल्डच्या वादनांतील जी गोष्ट ऐकणाऱ्याच्या मनांत प्रथम भरते ती हीच. असें असूनही, प्रौढपणीं तो स्वतःला बहुतांशीं स्वयंशिक्षित म्हणवी. ज्यांच्या घरीं गुरूचें नांव घेतांना कानाच्या पाळीला हात लावण्याची रीत आहे, अशा आमच्या वाचकांना हें खटकेल. आम्हांलाही तें खटकतें.

१९५५ च्या जानेवारींत, म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षीं, २ तारखेस वॉशिंग्टन येथें व ११ तारखेस न्यू यॉर्क येथें त्याचे अमेरिकेंतील पहिले कार्यक्रम झाले. वॉशिंग्टनचे टीकाकार पॉल ह्यूम यांनीं, कोणत्याही वयाचा याच्याजोगा दुसरा पियानोवादक आपल्या माहितींत नाहीं, अशा अर्थाचें लिहिलें. न्यू यॉर्कच्या टाउन हॉलमध्यें श्रोते थोडे होते, पण त्या थोड्यांत कोलंबिया या ध्वनिमुद्रण कंपनीचे डेव्हिड ऑपनहाइम होते. त्यांनीं लागलीच कराराची गोष्ट काढली. (काटेकोर वाचकांसाठीं येथेंच सांगून ठेवतों कीं, १९५३ सालीं टोरांटोमधील हॉलमार्क नांवाच्या लहानशा कंपनीनें त्याची एक तबकडी काढली होती. परंतु ती फारशा कोणाच्या कानीं गेली नाहीं, आणि जगाच्या लेखीं त्याची पहिली तबकडी कोलंबियाचीच.)

आतां या पहिल्या तबकडींत वाजवावयाचें काय? नवख्या वादकानें लोकांच्या ओळखीचें व चटकन् टाळी घेणारें कांहीं निवडावें, हा व्यवहार झाला. गूल्डनें निवडली ती योहान सेबास्टियन बाख याची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' ही कृति. कंपनीच्या लोकांना ही निवड धाडसाची वाटली. बाखच वाजवावयाचा असेल तर त्याचे लहान लहान 'इन्व्हेन्शन्स' कां नकोत, असें त्यांनीं सुचवून पाहिलें. मुलानें आपला हट्ट सोडला नाहीं.

हा हट्ट कशासाठीं होता व लोकांचीं मतें पुढें कां दुभंगलीं, हें कळावयास या कृतीची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. ती १७४१ सालीं न्युरेंबर्ग येथें छापून निघाली. तिच्या मुखपृष्ठावर, दोन पट्टीफलक असलेल्या हार्प्सिकॉर्ड या वाद्यासाठीं व रसिकांच्या मनोविनोदार्थ, असें म्हटलेलें आहे. आरंभीं बत्तीस मात्राखंडांची एक संथ गत येते. तिला 'एरिया' म्हणतात. तिच्यामागून तीस रूपांतरें येतात, आणि अखेरीस तीच एरिया जशीच्या तशी पुन्हां वाजते. मौज अशी कीं, या तीस रूपांतरांत एरियाचा वरचा, कानाला गोड लागणारा भाग परत फारसा भेटतच नाहीं. कायम राहतो तो तिचा खालचा खर्जाचा चलनक्रम. आमच्या वाचकांनीं तबल्याची स्वतंत्र मैफल आठवावी. सारंगीवर वा पेटीवर नगमा एकसारखा चाललेला असतो, व त्याच्या आधारावर तबलजी कायदे, रेले, गती मांडीत जातो. येथें नगमा डाव्या हाताच्या खालच्या स्वरांत दडलेला आहे आणि त्यावर तीस निरनिराळीं बांधकामें उभीं आहेत, एवढें ध्यानांत धरलें म्हणजे पुष्कळ झालें. दर तिसरें रूपांतर असें कीं, एक आवाज पुढें निघतो व दुसरा तेंच चलन घेऊन त्याचा पाठलाग करतो. प्रत्येक खेपेस दोघांमधील स्वरांचें अंतर एकेका पायरीनें वाढत जातें. तिसाव्यांत मात्र बाखनें एकदम लोकगीतांच्या चाली एकमेकींत गुंफून दिल्या आहेत. त्यांतली एक तर कोबी आणि सलगम खाऊन कंटाळलेल्या माणसाची आहे. एवढ्या विद्वत्तेच्या शेवटीं कोबीचें गाणें घालणारा माणूस आम्हांला फार आवडतो.

गोल्डबर्ग हें नांव कसें पडलें त्याचीही एक गोष्ट सांगतात. रशियाचे वकील काउंट कायझरलिंक यांना रात्रीं झोंप येत नसे. त्यांच्या पदरीं असलेल्या गोल्डबर्ग नांवाच्या मुलानें शेजारच्या खोलींत बसून वाजवावें म्हणून बाखनें ही कृति रचिली, असें फोर्केल या चरित्रकारानें १८०२ सालीं लिहून ठेविलें. मुलाचें वय त्या वेळीं अवघें चौदा होतें, आणि छापील प्रतींत काउंटना अर्पण वगैरे कांहीं नाहीं. त्यामुळें अभ्यासक या गोष्टीवर विश्वास ठेवीत नाहींत. गोष्ट मात्र गोड आहे, म्हणून ती मरत नाहीं.

गूल्डच्या आधीं या कृतीची जी छाप श्रोत्यांच्या मनावर होती, ती वांडा लांडोव्हस्का या पोलंडांत जन्मलेल्या वादिकेची. हार्प्सिकॉर्ड हें विस्मृतींत गेलेलें वाद्य त्यांनीं मोठ्या निष्ठेनें पुन्हां सभागृहांत आणिलें, आणि १९३३ सालीं पॅरिस येथें व १९४५ सालीं न्यू यॉर्क येथें ही कृति ध्वनिमुद्रित केली. त्यांचें वादन गंभीर, राजसभेंतल्यासारखें. शिवाय जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर दर चार-पांच मिनिटांनीं उठून बाजू बदलावी लागे; त्यामुळें ऐकणाऱ्याला ही कृति म्हणजे तुकड्यातुकड्यांनीं पाहावयाचें एक भव्य देवालय वाटत असे. गूल्डच्या वेळेपर्यंत दीर्घ वाजणाऱ्या तबकड्या आल्या होत्या, व सारी कृति एकाच तबकडीच्या दोन बाजूंवर मावूं लागली होती. या यांत्रिक सोयीचा हिशेब टीकाकार सहसा धरीत नाहींत. आम्हांला तो महत्त्वाचा वाटतो. ज्या वादकाचा सारा जीव धावण्यांत आहे, त्याचें धावणें अडथळ्यावांचून ऐकावयास मिळणें हें त्याचें भाग्यच होय.

ध्वनिमुद्रण न्यू यॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरील एका जुन्या प्रार्थनामंदिरांत, जून १९५५ मध्यें, १० तारखेस व पुढें १४ ते १६ या तारखांस झालें. तबकडी १९५६ च्या जानेवारींत विक्रीस आली. परंतु मध्यंतरीं कंपनीच्या प्रसिद्धिखात्यानें एक पत्रक काढून ठेविलें होतें, आणि श्रोत्यांच्या मतांचा विचार करितांना तें विसरून चालणार नाहीं. ऐन जूनमध्यें हा मुलगा लोकरी डगला, गळपट्टा, टोपी व हातमोजे घालून आला. बरोबर टॉवेलांची चवड, झऱ्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या व औषधी गोळ्यांच्या पांच कुप्या. वाजविण्यापूर्वीं वीस मिनिटें तो हात ऊन पाण्यांत बुडवून बसे. आणि बसावयास घरची घडीची खुर्ची. ही खुर्ची त्याच्या वडिलांनीं पाय कापून जमिनीपासून अवघी चौदा इंच उंच ठेविली होती, त्यामुळें त्याची हनुवटी जवळजवळ पट्ट्यांपाशीं येई. हें सारें खरेंच होतें. पण त्याचा परिणाम असा झाला कीं, पुष्कळांनीं तबकडी ऐकण्यापूर्वींच डगल्याविषयीं मत बनविलें होतें. ज्यांना विक्षिप्तपणा प्रतिभेची खूण वाटतो ते अगोदरच वश झाले; ज्यांना तो नाटक वाटतो ते अगोदरच रागावले. तबकडीच्या वेष्टणावरही त्याचीं वाजवितांनाचीं तीस छायाचित्रें, रूपांतरांइतकींच, छापलेलीं होतीं. त्याच वेष्टणाच्या पाठीमागील विद्वत्तापूर्ण टिपण मात्र त्यानें स्वतः लिहिलें होतें, हें अनेकांच्या ध्यानांत आलें नाहीं.

मतांचा पहिला झगडा वेगावरून झाला. सारी कृति साडेअडतीस मिनिटांच्या आसपास संपते. एरिया दोन मिनिटांच्या आंत. पांचवें रूपांतर चाळीस सेकंदांच्या आंत. ज्यांनीं लांडोव्हस्काबाईंच्या वादनावर कान तयार केले होते, त्यांना हा उतावळेपणा वाटला; बाखसारख्या पुरुषाच्या घरांत शिरून या मुलानें जिने दोन-दोन पायऱ्यांनीं चढावे, हें त्यांना रुचेना. उलट, बाख म्हणजे रविवारच्या उपासनेंतील जड विषय अशी ज्यांची समजूत होती, त्या तरुणांना प्रथमच असें दिसलें कीं, हें संगीत हंसूंही शकतें. दोन्ही पक्षांनीं एकच गोष्ट ऐकली होती. आमच्या मतें, वेगाविषयीं बोलणाऱ्यांनीं एक कसोटी लावून पाहावी: त्या धांवपळींत खालचा स्वर, मधला स्वर व वरचा स्वर वेगवेगळे ऐकूं येतात कीं नाहीं? गूल्डच्या बाबतींत ते येतात. तीन माणसें एकाच वेळीं बोलत असून तिघांचेंही बोलणें कळावें, असा तो प्रकार आहे. द्रुत लयींत तानेचा दाणा फुटूं न देणाऱ्या गवयाला आपण उतावळा म्हणत नाहीं.

दुसरा झगडा वाद्याचा. कृति हार्प्सिकॉर्डसाठीं, तीही दोन पट्टीफलकांच्या. कित्येक रूपांतरांत दोन्ही हात एकाच जागीं येतात. हार्प्सिकॉर्डवर एक हात वरच्या फलकावर व दुसरा खालच्यावर असल्यानें अडचण नाहीं. पियानोवर मात्र बोटें एकमेकांवर चढतात. तेव्हां पियानोवर ती वाजवूंच नये, असें शास्त्रनिष्ठांचें म्हणणें. गूल्डनें पायांतल्या पडद्याचा उपयोग अगदीं जपून केला, स्वर तोडून तोडून वाजविले, आणि पियानोच्या मृदु, ओथंबलेल्या आवाजाला जवळजवळ रजा दिली. त्यावर कांहीं पियानोप्रेमीही नाराज झाले! हार्प्सिकॉर्डवाल्यांना तो पियानो वाटला, पियानोवाल्यांना तो हार्प्सिकॉर्ड वाटला. अशा वेळीं ज्याला कोणताच पक्ष नव्हता तो साधा श्रोता तबकडी विकत घेऊन गेला. पाश्चात्य शास्त्रोक्त संगीताच्या मानानें तिचा खप विलक्षण झाला.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे व त्यांत बरेंच तथ्य आहे, असें आम्हांला वाटतें. बाखनें प्रत्येक रूपांतराचे दोन भाग करून प्रत्येक भाग दोनदां वाजवावा अशी खूण घातली आहे. सर्व खुणा पाळल्या तर कृति पाऊण तासाच्या बरीच पुढें जाते. गूल्डनें १९५५ सालीं एकही पुनरावृत्ति केली नाहीं. थोर रशियन पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्टर यांनीं आपल्या टिपणवहींत गूल्डच्या बाखविषयीं आदर नोंदविला आहे, पण पुनरावृत्ति गाळण्याची त्याची रीत त्यांना मुळींच पसंत नव्हती. विलंबित ख्यालांत मुखडा एकदांच घेऊन गवई निघून गेला तर आपणांस चुकल्यासारखें होईल; रिख्टर यांची तक्रार जातीनें तीच. दुसऱ्यांदा ऐकतांना तोच भाग वेगळा भासतो, आणि ती संधि या तबकडीनें श्रोत्याला दिली नाहीं. अर्थात् तबकडी पुन्हां लावतां येते, असें गूल्डचे कैवारी म्हणतात. उत्तर चलाख आहे, पुरेसें नाहीं.

आणि चौथी तक्रार गुणगुणण्याची. आईनें लाविलेली गाण्याची संवय सुटली नव्हती. तबकडींत पियानोच्या मागें एक अस्पष्ट मानवी सूर सारखा ऐकूं येतो, आणि तो नेहमींच स्वराला धरून असतो असेंही नाहीं. कित्येकांना हा अपराध अक्षम्य वाटला. आपण गाणें बंद केलें तर वादन बिघडेल, असें गूल्ड म्हणे. एकदां तर त्यानें थट्टेनें तोंडावर वायुरोधक मुखवटा चढविण्याची तयारी दाखविली. येथें एक अलीकडची हकीकत सांगण्याजोगी आहे. २००६ सालीं झेन्फ नांवाच्या अमेरिकन कंपनीनें १९५५ च्या तबकडींतील प्रत्येक स्वराचा क्षण, जोर व लांबी गणकयंत्राकरवीं मोजून काढली आणि टोरांटोमध्यें एका स्वयंचलित पियानोवर तेंच वादन, वादकावांचून, पुन्हां वाजवून ध्वनिमुद्रित केलें. २००७ सालीं तें विक्रीस आलें. आवाज नवा, स्वच्छ, गुणगुणणें नाहीं. इतकीं वर्षें ज्याविषयीं कुरकुर चालली होती तो दोष समूळ गेला. आणि आतां श्रोत्यांपैकीं कितीएक म्हणूं लागले कीं, त्या गुणगुणण्यावांचून खोली रिकामी वाटते!

सामान्य श्रोते आणि टीकाकार यांच्या पलीकडे एका श्रोत्याची साक्ष काढणें आम्हांला अवश्य वाटतें. तो ललित लेखक आहे. ऑस्ट्रियाचे कादंबरीकार थॉमस बेर्नहार्ड यांनीं १९८३ सालीं एक कादंबरी लिहिली. तिच्यांत तीन तरुण पियानो शिकत असतात. त्यांतील एकाचें नांव गूल्ड. बाकीचे दोघे त्याला गोल्डबर्गची एरिया वाजवितांना ऐकतात, आणि तेथेंच त्यांचें आयुष्य संपतें. एक पियानो टाकून देतो, दुसऱ्याचा अंत आत्महत्येंत होतो. कथानक सर्वस्वी काल्पनिक आहे; खऱ्या गूल्डच्या चरित्राशीं त्याचा फारसा मेळ नाहीं. परंतु ती तबकडी ऐकून वाजविण्याची उमेद खचणें ही भावना काल्पनिक नव्हे. उत्तम ऐकल्यानें हुरूप येतो, असें आपण मुलांना सांगतों. कांहींना धास्तीही बसते, आणि ज्या घरांत मुलें गाणेंवाजविणें शिकत आहेत तेथें हें वडीलधाऱ्यांनीं जाणून असावें.

या सर्वांहून कडक श्रोता पुढेंच आहे. गूल्डनें १० एप्रिल १९६४ रोजीं लॉस एंजेलिस येथें शेवटचा जाहीर कार्यक्रम केला, आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षीं सभागृह कायमचें सोडून दिलें. श्रोत्यांसमोर बसून वाजविणें हें त्याला कसरतीच्या खेळासारखें वाटे. ध्वनिमुद्रणाच्या खोलींत एकांतांत, पुन्हां पुन्हां वाजवून, त्यांतलें निवडून जें सिद्ध होतें तेंच खरें, असें त्याचें मत झालें होतें. एकदां केलेलें ध्वनिमुद्रण तो क्वचित् पुन्हां करी. पण १९८१ च्या एप्रिल व मे महिन्यांत तो न्यू यॉर्कच्या त्याच जुन्या प्रार्थनामंदिरांत परत गेला आणि गोल्डबर्ग दुसऱ्यांदा वाजविली. या वेळीं एकावन्न मिनिटें लागलीं. कांहीं ठिकाणीं पुनरावृत्ति आली. पूर्वीं दोन मिनिटांच्या आंत आटोपलेली एरिया तीन मिनिटांवर गेली. आणि मुख्य फरक असा कीं, एका रूपांतराच्या लयीचें दुसऱ्याच्या लयीशीं हिशेबी नातें त्यानें ठरविलें. कोठें दुपटीचें, कोठें दीडपटीचें. त्यामुळें तीसही रूपांतरें एकाच नाडीवर चालत असल्यासारखीं वाटतात. ज्यांना लयकारीची संवय आहे अशा आमच्या वाचकांना हा भाग कोणत्याही युरोपीय श्रोत्याहून लवकर उमगेल.

या दुसऱ्या तबकडीच्या निमित्तानें १९८२ सालीं टिम पेज या टीकाकारांनीं त्याची मुलाखत घेतली, व तींत त्यानें आपल्या पहिल्या तबकडीची जी झडती घेतली तशी कोणा शत्रूनेंही घेतली नव्हती. तें वाजविणाऱ्या मुलाच्या वृत्तीशीं आपली ओळखच पटत नाहीं; प्रत्येक रूपांतर आपापल्या वाटेनें जातें; आणि पंचविसाव्या रूपांतरांत तर नुसता पियानोवादनाचा थाट आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. हें पंचविसावें रूपांतर संथ, करुण व सर्वांत खोल. लांडोव्हस्काबाईंनीं त्याला काळें मोतीं म्हटलें होतें. आश्चर्य हें कीं, सर्वत्र धांवणारा बावीस वर्षांचा मुलगा येथें मात्र सुमारें साडेसहा मिनिटें रेंगाळला आहे, आणि सर्वत्र संथ झालेला अठ्ठेचाळीस वर्षांचा पुरुष तें सहा मिनिटांच्या आसपास संपवितो. मुलगा येथें दुःख दाखवितो. पुरुष तें नुसतें सांगतो.

आम्हांस विचाराल तर, या एका ठिकाणीं आम्ही वादकाच्या विरुद्ध त्याच्या तबकडीचा पक्ष घेऊं. दुःख दाखवावेसें वाटणें हा बाविसाव्या वर्षाचा स्वभाव आहे, आणि तो तेथें प्रामाणिकपणें उमटला आहे. पुढें शहाणपण आलें म्हणून मागचें सारें खोटें ठरत नाहीं. आपल्या जुन्या पत्रांचा गठ्ठा सांपडला म्हणजे पुष्कळ वडील माणसें तीं वाचतांना लाजतात व बंबांत घालतात. तीं पत्रें ज्यांना गेलीं होतीं त्यांना विचारल्यावांचून असें करूं नये. श्रोत्यांनीं पहिली तबकडी बंबांत घालूं दिली नाहीं, हें बरें झालें. दुसरी तबकडी सप्टेंबर १९८२ मध्यें प्रसिद्ध झाली. त्याच महिन्याच्या २७ तारखेस गूल्डला पक्षाघाताचा झटका आला व ४ ऑक्टोबरला तो निवर्तला. टोरांटोमधील त्याच्या थडग्यावरील दगडांत एरियाचे आरंभींचे स्वर कोरलेले आहेत. तेव्हांपासून श्रोत्यांत पंचावन्नवाले व एक्क्याऐंशीवाले असे दोन पक्ष पडले असून ते एकमेकांना सहसा मत बदलूं देत नाहींत.

महाराष्ट्र व गोमंतक येथील वाचकांना गूल्डच्या नांवाशीं जोडणारा एक धागा आहे, तोही सांगावयास हवा. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अंतराळांत सोडलीं, तेव्हां प्रत्येकावर पृथ्वीवरील आवाजांची एक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसविली होती. तीवर गूल्डनें वाजविलेला बाख आहे. गोल्डबर्ग नव्हे, 'वेल-टेम्पर्ड क्लाव्हियर'च्या दुसऱ्या भागांतील पहिलें जोडपद. आणि त्याच तबकडीवर भारताच्या वतीनें गोव्यांतील केरी गांवच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. केसरबाईंना ध्वनिमुद्रणाची फारशी ओढ नव्हती. समोर जाणते श्रोते असलेली मैफल हेंच त्यांचें क्षेत्र. गूल्डला मैफल नको होती, तबकडी हवी होती. दोन टोकांचीं हीं दोन माणसें एकाच तबकडीवर बसून ताऱ्यांमधील अवकाशांत गेलीं आहेत.

२०१७ सालीं या वादाला आणखी एक खाद्य मिळालें. जून १९५५ च्या त्या चार दिवसांत जें जें ध्वनिमुद्रित झालें, तें सारें, टाकून दिलेल्या प्रयत्नांसकट, कंपनीच्या वारसदारांनीं प्रसिद्ध केलें. त्यावरून दिसतें कीं, जी एरिया ऐकतांना मुलानें सहज बसून वाजविली असावी असें वाटतें, ती साधण्यास विसांच्या घरांत प्रयत्न लागले होते. गूल्ड स्वतः सांगे कीं, त्या प्रयत्नांत आपण भाव भरीत नव्हतों, जास्तीचा भाव काढून टाकीत होतों.

ज्यांनीं यांतील कांहींच ऐकलेलें नाहीं त्यांनीं १९५५ ची तबकडी प्रथम एका बैठकींत, मध्यें न बोलतां ऐकावी. अडतीस मिनिटें म्हणजे फार नव्हे. दुसऱ्या दिवशीं दोन्ही तबकड्यांतील नुसतीं एरिया आणि पंचविसावें रूपांतर एकामागून एक लावावीं. घरांत दहाबारा वर्षांचीं मुलें असतील तर त्यांना कांहीं न सांगतां शेजारीं बसवावें. तीं बहुधा प्रथम विचारतात तें हेंच कीं, मागें कोण गातें आहे.